आजच्यापुरते एक पान

जे पुस्तक दिवसाला एका पानाहून अधिक वाचू नये असा मूळ संकेत, त्याच्या उंबरठ्यावरच वाचकाला अडवून एका बैठकीत दहा-पंधरा पाने वाचावयास लावणे हा प्रस्तावनाकाराचा उद्धटपणाच होय, हे लिहावयास बसताना मला प्रथम जाणवले, आणि हा संकोच मी या संग्रहाच्या संपादिका बाईंपाशी बोलून दाखविला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "काका, प्रस्तावना म्हणजे ओसरी. ओसरीवर माणूस जरा टेकतो, पायाची धूळ झटकतो, घोटभर पाणी पितो. तेवढं झालं की त्याला आत जाऊ द्या." या अटीवर मी लेखणी हाती घेतली आहे, ओसरी थोडी लांब झाली तर तो दोष गवंड्याचा मानावा, घरधनिणीचा मानू नये.

बाईंचा सगळा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना अक्षर गिरवावयास शिकविण्यात गेला, आणि सेवानिवृत्तीनंतर त्यांनी हे काम हाती घेतले तेही शाळेच्याच रीतीने, म्हणजे महिन्याला एक अशा बारा वह्या घालून, प्रत्येकीला वर्तमानपत्राचे कव्हर चढवून आणि त्यावर महिन्याचे नाव ठळक अक्षरांत लिहून. आषाढातल्या एका दुपारी त्यांनी त्या वह्या पिशवीतून काढून माझ्या तिरोड्याच्या घरी पडवीत मांडल्या, तेव्हा जुलैच्या वहीच्या कव्हरावर चिखलाने भरलेल्या चार बोटांचा ठसा वाळून बसलेला मी पाहिला. चौकशी केली तेव्हा कळले की ती वही त्यांनी शेतावर, रोवणी चाललेली असताना, बांधीच्या धुऱ्यावर बसून लिहिली. आमच्या या पूर्वीच्या भंडारा आणि 1999 पासूनच्या गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत कोणाला सवड म्हणून नसते. त्यामुळे त्या ठशाने माझी जितकी खात्री पटविली तितकी आतील मजकुराने पटविण्यास पुढे आठ दिवस लागले.

पुस्तकाचे स्वरूप साधे आहे. शिरोभागी तारीख, तिच्याखाली पवित्र शास्त्रातील एका उताऱ्याचा निर्देश, मग पंधरा-वीस ओळींचे मनन आणि शेवटी दोन ओळींची प्रार्थना. अशा पुस्तकास आमच्या मंडळीत कोणी दैनिक मनन म्हणतात, कोणी नित्यपाठ, आणि ते घेऊन ज्या वेळी एकांतात बसावयाचे त्या वेळेस शांतवेळ असे नाव आहे. घरची सारी माणसे एकत्र बसली की तीच कौटुंबिक उपासना होते. प्रकार जगभर रूढ आहे आणि त्यातील पुष्कळशी पुस्तके परभाषांतून मराठीत आलेली आहेत. हे पुस्तक मात्र इथल्या मातीत बसून लिहिलेले आहे, आणि म्हणूनच या प्रकाराविषयी, त्याच्या उगमाविषयी आणि त्यातील धोक्यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

देवाशी असलेले नाते दृढ व्हावे ही इच्छा भाविकांच्या तोंडी नेहमी असते. पण नाते दृढ होते म्हणजे नेमके काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. ओळख आणि सहवास या दोहोंत जे अंतर आहे ते प्रसंगांच्या मोठेपणाने भरून निघत नाही. लग्नकार्यात, संकटात, मृत्यूच्या घरात भेटणारी माणसे आपल्याला पुष्कळ ठाऊक असतात, आणि तरीही ज्याच्याशी रोज संध्याकाळी पारावर दोन शब्द होतात, बहुधा अगदी निरर्थक शब्द होतात, तोच कालांतराने आपला होतो. सभा-संमेलनांतल्या उत्कट प्रार्थनांनी अंतःकरण हेलावते हे मी नाकारत नाही. परंतु आमच्या भागात पाऊस पुष्कळ पडतो, आणि तरीही कोहळी समाजाच्या पूर्वजांना व मालगुजारांना गावोगाव तलाव बांधावे लागले, पुढे बोदलकसा, चोरखमारा यांसारखे विस्तीर्ण जलाशय तालुक्यात उभे राहिले, याचे कारण पावसाची वाण हे नव्हते. धानाच्या मुळाशी पाणी उभे राहावे लागते, आणि मुसळधार कोसळलेले पाणी जर धुरा फुटून वैनगंगेला मिळाले तर आठ दिवसांच्या उघाडीत बांधी भेगाळते. रोजचे हे एक पान म्हणजे तो धुरा आहे. तो पाऊस पाडीत नाही. पडलेले पाणी धरून ठेवतो.

हा नेम मराठी माणसाला कोणी परदेशाहून आणून शिकविलेला नाही. हरिपाठाचा नेम, पारायणाचा नेम, एकादशीचा नेम ज्या भूमीत घराघरांत होता, तेथे ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याची उणीव भासणे स्वाभाविकच होते, आणि याची साक्ष आपल्या भाषेतच चारशे वर्षांपूर्वीची आहे. 1579 साली गोमंतकात येऊन राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीताने सुमारे अकरा हजार ओव्यांचे जे ख्रिस्तपुराण रचले आणि जे 1616 साली राचोल येथे छापले गेले, त्याच्या आरंभी एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती मंडळींपैकी एकजण पाद्रीबाबांस विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, पण त्यांच्या जागी आमच्या भाषेत आम्ही काय वाचावे याची तजवीज कोठे केलीत? या प्रश्नातील व्यावहारिक शहाणपण मला फार मोलाचे वाटते. त्या माणसाची तक्रार सिद्धांताविषयी नव्हती. प्रश्नोत्तरांचे धडे त्याला मिळत होतेच. त्याला रोजच्या वाचनाला काहीतरी हवे होते, जे ऐकता ऐकता आपले होईल. त्याच्या उत्तरादाखल ते पुराण जन्मास आले, आणि रविवारी व सणावारी ते लोकांपुढे वाचण्याची वहिवाट पडली.

युरोपात या प्रकाराला जे रूप आले त्याचाही वृत्तांत रंजक आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात झिंझेनडोर्फ नावाच्या एका सरदाराने आपल्या जहागिरीत मोरेव्हियातून परागंदा होऊन आलेल्या लोकांना आश्रय दिला होता. हेर्नहूट नावाच्या त्या छोट्या वसाहतीत 3 मे 1728 रोजी सायंकाळच्या उपासनेनंतर त्याने दुसऱ्या दिवसासाठी एक वचन मंडळीच्या हवाली केले, आणि मग रोज सकाळी कोणी एक बंधू ते वचन घेऊन घरोघर जाऊ लागला. घरे तीसेक. 1731 साली वर्षभराच्या वचनांचे पुस्तक छापले गेले आणि तेव्हापासून आजतागायत ते वर्षास एक याप्रमाणे निघत आले आहे. छापील पुस्तकापेक्षा मला त्याच्या आधीची ती तीन वर्षे अधिक आवडतात. वचन सांगावयास आलेला माणूस दारात उभा राही, घरात कोण आजारी आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे त्याच्या नजरेस पडे आणि मगच तो पुढच्या घरी जाई. पुस्तक आले आणि हा माणूस गेला. दैनिक मननाच्या प्रत्येक पुस्तकात ही उणीव राहतेच, आणि ज्या घरात ते पान मोठ्याने वाचले जाते तेथेच ती थोडीबहुत भरून निघते.

पुढची नावे मी भराभर घेतो. स्कॉटलंडातील डंडी येथील तरुण धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅक्चेन याने 1842 साली, म्हणजे ज्या वर्षी इकडे अहमदनगरास ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू झाले त्याच वर्षी, आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या शास्त्रवाचनाचे कोष्टक तयार केले. बायबलचे अध्याय 1189. ते वर्षात वाचून संपवावेत, नवा करार आणि स्तोत्रे तर दोनदा व्हावीत, अशी ती योजना होती. त्या कोष्टकासोबत लाभांच्या यादीआधी त्याने धोक्यांची यादी दिली, हे विशेष: वाचन निव्वळ उपचार होईल, वाचणाऱ्याला आपल्या धार्मिकतेचा ताठा चढेल, डोळे ओळींवरून फिरतील आणि मन दुसरीकडे असेल, आणि कित्येकांना ते जोखड न पेलणारे होईल. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो वारला. ऑस्वाल्ड चेंबर्स 1917 साली इजिप्तमध्ये वारला आणि त्याच्या नावावर 1927 साली जे वर्षभराच्या मननांचे पुस्तक निघाले व जगभर गेले, ते त्याने कधी पाहिलेदेखील नाही. त्याची प्रवचने त्याच्या पत्नीने लघुलिपीत टिपून ठेवली होती, त्यांतून तिने ते एकेक पान करून सिद्ध केले. आपल्याकडे दीर्घकाळ राहिलेले ई. स्टॅन्ली जोन्स यांनीही अशी पाने लिहिली.

पण तिरोड्यास बसून या विषयावर लिहिणाऱ्या माणसाला ज्या एका वाचकाचे स्मरण झाल्यावाचून राहवत नाही, तो आमच्या गावावरून गेलेला आहे. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास निघाले होते. त्या मार्गावरची पहिली, अरुंद रुळांची गाडी 1880 च्या सुमारास सुरू झाली होती, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग ताब्यात घेऊन रूळ रुंद केले; आणि तुमसर मागे टाकून, वैनगंगेचा पूल ओलांडून, मुंडीकोटा, तिरोडा, गोंदिया असा तो पूर्वेस जातो तो आजही त्याच वाटेने. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्या काळी अशा सहप्रवाशाकडून काय वागणूक मिळेल याची धास्ती एतद्देशीय माणसाला असे. पण हा गृहस्थ सौजन्याने वागला, संस्कृत काव्याविषयी बोलला आणि निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली. हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांना ते पुस्तक आवडले नव्हते. तथापि शब्द दिला होता, म्हणून आपल्या नेहमीच्या अभ्यासाच्या पद्धतीप्रमाणे हाती पेन्सिल घेऊन, खुणा करीत, टाचणे काढीत त्यांनी वाचण्यास आरंभ केला आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून सातव्यापर्यंत जे गिरिप्रवचन आहे तेथे येऊन ते थबकले. त्यांना पुढे जाववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या कथेतील भविष्यकथनाचे आश्चर्य लोक फार करतात. मला आश्चर्य वाटते ते त्या पेन्सिलीचे. अनिच्छेने, केवळ दिलेल्या शब्दाखातर, रोज थोडे थोडे वाचणारा, खूण करणारा आणि खूण केलेल्या जागी परत येणारा तो वाचक हाच या प्रकारच्या पुस्तकाचा खरा वाचक. दरम्यानची दोन वर्षे शंकांची होती, आणि त्यापुढची, पत्नी लक्ष्मीबाई जवळ नसतानाची, सुमारे पाच वर्षे दुःखाची होती. ते सारे स्मृतिचित्रांत लक्ष्मीबाईंनी ज्या निर्व्याज विनोदाने सांगितले आहे त्याला मराठीत तोड नाही. आपण तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक स्वतः सांगत. मराठी उपासना-संगीतात त्यांची दोनशेंहून अधिक पदे आहेत, म्हणजे आमच्या मंडळीत लहानाचा मोठा झालेला माणूस गद्य प्रार्थना शिकण्यापूर्वी टिळकांच्या चालींवर देवाशी बोलावयास शिकतो. 1917 साली साताऱ्यास त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांचा जो मेळा जमविला त्याला त्यांनी देवाचा दरबार हे नाव दिले. नाव विचारपूर्वक दिलेले आहे. कचेरीत माणूस कामापुरता जातो आणि शिक्का उमटला की परततो. दरबारात मुजरा करून नुसते उभे राहणे हेही काम असते.

माझे वडील रेल्वेत सांधेवाले होते. नगरकडचे आमचे कुटुंब नोकरीच्या निमित्ताने या मार्गावर आले आणि इकडचेच झाले. रात्रपाळी संपवून बाबा घरी येत तेव्हा तांबडे फुटलेले असे. ते हातातला कंदील कोनाड्यात ठेवीत, पाय धूत, आणि खाकी कापडात गुंडाळलेले एक जाडजूड, बिनपुठ्ठ्याचे झालेले दैनिक मननाचे पुस्तक सोडून खिडकीशी बसत. एक पान वाचून ते पुस्तक मिटीत, पण तर्जनी त्या पानात तशीच असे, आणि डोळे मिटून त्यांचे ओठ हलत राहत. चहा चुलीवर उकळत असे, आम्ही भावंडे भुकेने कासावीस झालेली असू. पण आई बोट ओठांवर ठेवी. शेवटी ते कानावरची पेन्सिल काढून समासात काहीतरी लिहीत आणि मग, "हां, आणा," असे म्हणत. ते काय लिहीत हे विचारण्याची आमची छाती नव्हती.

ते गेल्यानंतर ते पुस्तक माझ्याकडे आले. तेच एक पुस्तक त्यांनी पंचवीस-तीस वर्षे वापरले होते, म्हणजे तेच 4 सप्टेंबरचे पान त्यांच्यापुढे पंचवीस-तीस वेळा आले होते, आणि समासात दर खेपेचे साल व त्यापुढे एखाददुसरा शब्द एवढेच होते. '62 पाऊस नाही.' '65 आई गेली.' '66 वाचवेना.' '68 धाकट्याचा ताप उतरला.' '71 काही नाही.' मी त्या शेवटच्या नोंदीकडे पुष्कळ वेळ पाहत राहिलो. काही नाही हे लिहिण्यासाठीसुद्धा त्यांनी कानावरची पेन्सिल काढली होती. छापील मजकूर बदलला नव्हता. 1965 साली ज्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली तिच्यावरून 1962 साली त्यांची नजर सरळ पुढे गेलेली दिसते. नाते दृढ होणे म्हणजे काय, याचे याहून नेमके दप्तर मला दाखविता येणार नाही.

मनन या शब्दासाठी पहिल्या स्तोत्रात जे इब्री क्रियापद आले आहे त्याचा मूळ अर्थ पुटपुटणे, गुणगुणणे असा आहे. भक्ष्यावर बसलेल्या सिंहाच्या गुरगुरण्याला आणि पारव्याच्या घुमण्याला यशयाने तेच क्रियापद लावले आहे. म्हणजे मनन हे केवळ मनाचे काम नव्हे, त्यात ओठ आणि कंठ यांनाही वाटा आहे. बाबांना इब्री येत नव्हते. त्यांचे ओठ हलत, इतकेच. मध्ययुगीन मठवासी याला गुरांच्या रवंथाची उपमा देत, आणि संध्याकाळी गोठ्यात बसलेली गाय ज्याने पाहिली आहे त्याला या उपमेचे भाष्य नको. चरणे झाडीत, उन्हात, घाईने होते. त्याचे दूध होते ते नंतर, स्वस्थ बसल्यावर.

आता माझ्या फजितीची एक हकीगत. कॉलेजात असताना एका जानेवारीत मी मोठ्या उत्साहाने हा नेम धरला. सहा दिवस तो पाळला. पुढे अकरा दिवस तो राहिला, आणि त्याची टोचणी लागून एका रविवारी मी अकराच्या अकरा पाने एका दमात वाचून काढली व हिशेब चुकता झाल्याच्या समाधानाने बाबांना तसे सांगितले. ते म्हणाले, "थकबाकी सरकारची असते रे. बापाच्या घरी कसली बाकी?" आणि त्यांनी निर्गमाचा सोळावा अध्याय काढून दिला. अरण्यात इस्राएल लोकांना जो मान्ना मिळे तो त्या त्या दिवसापुरताच गोळा करावयाचा असे. उद्यासाठी म्हणून राखून ठेवला की त्यात किडे पडत. कालचा राहिलेला आज गोळा करण्याची सोय त्यात मुळीच नव्हती, कारण तो ऊन तापताच वितळून जाई. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे तीही आजचीच. तेव्हा ज्यांची पाने राहतील, आणि ती राहतीलच, त्यांनी मागे न जाता आजची तारीख काढावी. हा नेम म्हणजे रोजकीर्द खरी, पण मागील शिल्लक पुढे ओढण्याचा रकाना तिच्यात नाही.

याच्या उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. आपल्याकडे देवाला कौल लावण्याची चाल जुनी आहे. उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार. दैनिक मननाच्या पुस्तकाचा असा कौल करून घेणारी भाविक माणसे मी पाहिली आहेत. मुलीच्या स्थळास होकार द्यावा किंवा नाही हे त्या तारखेच्या वचनावरून ठरविणारे एक कुटुंब मला ठाऊक आहे. अशा वेळी मला नाझीविरोधी जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बोनहोफर आठवतो. हेर्नहूटच्या वचनांचा त्याला नित्य परिपाठ होता. 1939 च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित होता, आणि त्या दिवसांत पौलाने तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी ये असे जे कळविले आहे ते वचन त्याच्या वाचनात आले व दिवसभर त्याचा पाठलाग करीत राहिले. तो जर्मनीस परतला आणि 9 एप्रिल 1945 रोजी फाशी गेला. ही गोष्ट वचनाने कौल दिला अशा थाटात सांगण्याचा मोह होतो. परंतु परतण्याचा निर्णय त्याने त्याआधीच काही दिवस, मनाशी पुष्कळ झगडून, घेतलेला होता. वचनाने त्याचा निर्णय घेतला नाही. घेतलेल्या निर्णयात ते त्याला सोबतीस आले.

आणखी एक गोष्ट, जी संपादिकेस कदाचित रुचणार नाही. मननाचा मजकूर कितीही उत्तम असला तरी ते दुसऱ्याचे मनन आहे, आणि पुष्कळ वाचक शिरोभागीचा शास्त्रनिर्देश ओलांडून सरळ त्या मजकुरावर येतात, कारण तो सोपा असतो व त्यात बहुधा एखादी गोष्ट असते. माझी विनंती अशी की, मूळ उतारा आधी पवित्र शास्त्र उघडून वाचावा, जमल्यास मोठ्याने वाचावा, थोडा वेळ उगाच बसावे आणि मगच खालच्या ओळींकडे वळावे. एखाद्या दिवशी वळणे झालेच नाही तर ते पान वाया गेले असे समजू नये. हे बाईंना मी सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग लिहा तसंच. माझं वाचलंच पाहिजे असं थोडंच आहे?" आजकाल भ्रमणध्वनीवर पहाटे पाचापासून वचनांचे फुलाफुलांचे जे संदेश येऊ लागतात, त्यांविषयी मी अधिक लिहीत नाही. ते पाठविणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. एवढेच की, जे वचन वाचण्यापूर्वीच पुढे धाडले जाते त्याला हेर्नहूटच्या त्या बंधूप्रमाणे दारात उभे राहण्याची फुरसत मिळत नाही.

पहाटेचा आग्रहही मला धरवत नाही. मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभू उजाडण्यापूर्वी उठून एकांती गेल्याचे आहे, दानीएल मात्र दिवसातून तीनदा खिडकी उघडून गुडघे टेकीत असे. आमच्या गावालगत 3300 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिल्यापासून पाळीने काम करणाऱ्यांची वस्ती वाढली आहे. ज्याची रात्र सकाळी सातला सुरू होते त्याने आपली पहाट दुपारी तीनला मानण्यास हरकत कसली? वेळ एक असावी, जागा एक असावी, आणि तेवढ्या वेळापुरती ती जागा दुसऱ्या कशाला द्यावयाची नाही एवढे पुरे. जुलैच्या वहीवरचा ठसा ज्या हाताचा त्याची जागा बांधीचा धुरा ही होती.

भाषेविषयी दोन शब्द लिहून थांबतो. आमच्याकडे घरात कोणी पोवारी बोलतो, कोणी झाडीबोली, कोणी गोंडी, कोणी छत्तीसगढी. पुस्तकी मराठी ही पुष्कळांची शाळेत भेटलेली भाषा आहे. पंडिता रमाबाईंनी संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असताना उतारवयात इब्री व ग्रीक यांचा अभ्यास करून, साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केडगावच्या मुक्तिसदनात बसून केले आणि 1922 साली, ते काम हातावेगळे होताच, त्या देवाघरी गेल्या. विद्वत्तेने किती खाली वाकावे याचा तो वस्तुपाठ आहे. प्रस्तुत लेखकाला तो पेलला नाही हे या प्रस्तावनेवरून वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. बाईंना तो पेलला आहे. त्यांच्या पानांत रोवणी आहे, बोडीतले कमळ आहे, गाडी चुकलेला माणूस आहे, धान विकून आलेल्या पैशांचा हिशेब आहे, आणि अवघड शब्द आढळलाच तर तो बहुधा मी सुचविलेला आहे.

बाराही वह्या वाचून झाल्यावर मी त्यांना परत नेऊन दिल्या तेव्हा एक चूक दाखविली. फेब्रुवारीच्या वहीत 29 तारखेचे पान होते. वर तारीख होती, खाली बारीक रेघ होती, आणि बाकी सारे कोरे होते. लिहावयाचे राहून गेले असेल, असे मी म्हणालो. बाई म्हणाल्या की राहिलेले नाही. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या दिवशी वाचणाऱ्याने शास्त्र उघडावे आणि आपले मनन आपण लिहावे, म्हणून ते तसेच छापावयाचे आहे. छापखानेवाल्याने त्यांना दोनदा विचारले होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याला तेच उत्तर दिले होते. मी जरा वेळ बसलो, मग खिशातली पेन्सिल काढून त्या कोऱ्या पानाच्या समासात हलक्या हाताने साल घातले. बाईंनी ते पाहिले, आणि खोडरबर शोधावयास उठल्या.